पिणारे उंदीर, न पिणारे उंदीर

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात जेरल्ड मॅक्लर्न आणि डेव्हिड रॉजर्स या दोघांनी एक प्रयोग मांडला. त्याला लागणारं सामान एखाद्या शाळेलाही परवडलं असतं. पिंजऱ्यात एकटा उंदीर. पिंजऱ्याला मापाच्या खुणा असलेल्या दोन काचेच्या नळ्या, एकीत साधं पाणी, दुसरीत १० टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी. उंदराने हवं ते प्यावं आणि कोणत्या नळीतलं किती कमी झालं ते माणसाने रोज लिहून ठेवावं.

या नोंदी १९५९ मध्ये दारूच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका अमेरिकी त्रैमासिकात जेमतेम पाच पानांत छापून आल्या. मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी उंदरांचे वेगवेगळे वाण तपासले होते. सी-५७ ब्लॅक या काळ्या उंदरांनी आपली बरीचशी तहान दारूच्या नळीवर भागवली. डीबीए या फिकट तपकिरी वाणाने ती नळी जवळपास वाळीतच टाकली. आणि मुख्य म्हणजे एका वाणाचे उंदीर एकमेकांसारखे वागले. पिंजरे सारखे, खाणं सारखं, नळ्या सारख्या. वेगळं होतं ते फक्त कूळ.

आज हे वाचून कुणी चकित होणार नाही. दारूड्या बापाचा मुलगा पिऊ लागला की ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळं होणारी माणसं जगभर होती आणि आहेत. पण त्या काळच्या अमेरिकी विद्यापीठांत असं म्हणणं अवघड होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘दारूमुळे वंश बिघडतो’ असं सांगणाऱ्या सुप्रजननवाद्यांनी बराच धुमाकूळ घातला होता. नात्झी राजवटीने त्या विचाराचं काय केलं, हे १९४५ नंतर सगळ्यांसमोर आलं. त्यामुळे वागणुकीला आनुवंशिकता जोडायची म्हटली की शहाणी माणसं अंग काढून घेत. मानसशास्त्रात तेव्हा वर्तनवादाचा जोर होता आणि सगळं श्रेय, सगळा दोष शिकवणुकीला आणि परिस्थितीला दिला जाई. येल विद्यापीठातल्या मद्य-अभ्यास प्रकल्पासाठी अ‍ॅन रो यांनी १९४० च्या दशकात केलेल्या पाहणीचा निष्कर्षही याच बाजूचा होता. दारूड्या आईबापांपासून लहानपणी दूर नेऊन इतर घरांत वाढवलेल्या मुलांमध्ये त्यांना पिण्याचा काही वेगळा कल दिसला नव्हता. प्रश्न मिटला असं बहुतेकांना वाटत होतं. मॅक्लर्न-रॉजर्स यांच्या पाच पानांनी तो पुन्हा उघडला, तोही माणसाबद्दल अवाक्षर न काढता.

हे शक्य झालं ते उंदरांच्या वंशावळीमुळे, आणि ती वंशावळ नीट सांगण्याजोगी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी या गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या बाई राहत. आधी शिक्षिका, तब्येतीमुळे नोकरी सोडलेली. कोंबड्यांचा धंदा जमला नाही, तेव्हा १९०० च्या सुमारास त्यांनी हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत हौशी लोकांपेक्षा प्रयोगशाळांची मागणी वाढली. हार्वर्डचे विल्यम कॅसल त्यांच्याकडून उंदीर घेत. या बाई नुसत्या पुरवठादार नव्हत्या. कोणत्या घराण्यात गाठी जास्त येतात याच्या नोंदी त्या ठेवत आणि लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी कर्करोगावर निबंधही प्रसिद्ध केले. १९१८ मध्ये त्या वारल्या. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचं नाव तळटिपेत येतं, याची मला खंत वाटते. आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत जे काळे उंदीर धावत असतात त्यांचं माहेर ग्रॅनबीतलं ते शेतघर आहे.

कॅसल यांचा विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल याने १९०९ मध्ये केसांच्या रंगाचा अभ्यास करण्यासाठी सख्ख्या भावाबहिणींचा संकर पिढ्यानपिढ्या चालू ठेवायचं ठरवलं. त्यातून डीबीए हा जगातला पहिला शुद्ध वाण तयार झाला. १९२१ मध्ये त्याने लॅथ्रॉप यांच्या साठ्यातली ५७ क्रमांकाची मादी निवडली आणि तिच्या काळ्या संततीपासून सी-५७ ब्लॅक वाण चालू केला. सलग २० पिढ्या असा भावंडांचा संकर केला की वाणातले सगळे उंदीर जवळपास एकसारखी जनुकं घेऊन जन्मतात, एकबीज जुळ्या भावंडांसारखे. १९२९ मध्ये लिटल यांनी मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा काढली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्या भागात वणवा पेटला, त्यात प्रयोगशाळेची मोठी हानी झाली आणि जवळपास सगळे उंदीर गेले. पण जॅक्सनने वर्षानुवर्षं ज्यांना उंदीर दिले होते त्यांनी त्यांचे वंशज परत पाठवले आणि वाण पुन्हा उभे राहिले. मॅक्लर्न यांच्या काळापर्यंत शुद्ध वाण ही संशोधनातली तयार वस्तू झाली होती. दोन वाण सारख्या परिस्थितीत ठेवून ते वेगळे वागले, तर तो फरक रक्तातून आला एवढं ठामपणे म्हणता येत होतं. माणसांच्या बाबतीत असं म्हणण्याची सोय कधीच नव्हती.

जनावरांना दारू पाजून पाहणारे मॅक्लर्न पहिले नव्हेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट रिक्टर यांनी रॅट, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांपुढे पाणी आणि दारू ठेवून १९४० मध्ये निबंध लिहिला होता. या प्रयोगांतल्या मापाच्या नळीला आजही रिक्टर नळी म्हणतात. चिलीत सांतियागो इथे होर्हे मार्दोनेस यांनी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या रॅटची वेगवेगळी घराणी जोपासायला १९४० च्या दशकातच सुरुवात केली होती.

आणि टेक्सासमध्ये रॉजर विल्यम्स होते. त्यांचा जन्म आपल्याकडचा, १८९३ मध्ये उटकमंडचा, अमेरिकी मिशनरी घरातला. त्यांचा थोरला भाऊ रॉबर्ट नेल्लोरला जन्मला आणि पुढे त्याने ब-१ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं. रॉजर यांनी पॅन्टोथेनिक आम्ल शोधलं. पालकाच्या पानांतून काढलेल्या फॉलिक आम्लाचं नामकरणही त्यांच्या ऑस्टिनच्या प्रयोगशाळेतलं. जीवनसत्त्वांत मुरलेल्या या माणसाला दारूच्या व्यसनातही पोषणच दिसलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाची पोषणाची गरज जन्मतः वेगळी असते, एखाद्याला अमुक जीवनसत्त्व इतरांपेक्षा कितीतरी जास्त लागतं, ते मिळालं नाही की शरीर दारूकडे ओढलं जातं. १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सिद्धान्त मांडला. निकृष्ट आहारावरचे उंदीर जास्त दारू पितात आणि आहार सुधारला की कमी पितात, असा त्यांचा पुरावा होता.

येलच्या डेव्हिड लेस्टर आणि लिऑन ग्रीनबर्ग यांनी १९५२ मध्ये या पुराव्याला मोठं भगदाड पाडलं. त्यांनी रॅटपुढे तिसरा पर्याय ठेवला, साखरेचं पाणी. ते मिळताच रॅट दारूकडे फिरकेनात. अल्कोहोलमध्ये उष्मांक भरपूर असतात. उपाशी किंवा अर्धपोटी प्राणी ते अन्न म्हणून पीत असेल, तर त्याला व्यसन कसं म्हणायचं? विल्यम्स यांचा आहारसिद्धान्त मागे पडला. पण माणसं जन्मतःच रासायनिकदृष्ट्या वेगवेगळी असतात हा त्यांचा मूळ आग्रह खरा होता, आणि त्यासाठी ते आयुष्यभर भांडले.

उंदीर ‘पितो’ म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर बसला. तहान भागवतो? पोट भरतो? चव घेतो? की नशेसाठी पितो? पुढच्या ६० वर्षांचं संशोधन म्हणजे या एका क्रियेची फोड करत जाणं आहे, असं मी मानतो. जो तो दारूचं जनुक शोधायला निघाला आणि दर वेळी हाती आला तो पिण्याचा एक सुटा तुकडा, स्वतःची वेगळी आनुवंशिकता असलेला.

पहिला तुकडा यकृतात सापडला. मॅक्लर्न-रॉजर्स यांनी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या वाणांचा संकर करून पाहिला तेव्हा पिल्लं मधल्या प्रमाणात पिणारी निघाली. एकाच प्रभावी जनुकाचं सरळ काम असतं तर पिल्लं एका बाजूला झुकली असती. मग लक्ष गेलं अल्कोहोल पचवणाऱ्या एन्झाइमांकडे. अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ साठला की चेहरा लाल होतो, मळमळतं, छाती धडधडते. डेन्मार्कमध्ये १९४८ पासून व्यसन सोडवायला वापरलेलं डायसल्फिराम हे औषध नेमकं हेच घडवून आणतं. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात सी-५७ ब्लॅकच्या यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड संपवणाऱ्या एन्झाइमाचं काम डीबीएच्या सुमारे तिप्पट निघालं. कोडं सुटलं असं वाटण्याजोगाच हा आकडा होता. पुढे माणसांमध्येही असंच दिसलं. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांमध्ये या एन्झाइमाचा मंद प्रकार असतो आणि तो त्यांना पिण्यापासून बऱ्याच अंशी राखतो. पण उंदरांचं कोडं तेवढ्याने सुटलं नाही. जॉन बेल्नॅप आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की डीबीएचा नकार अल्कोहोल रक्तात पोचण्याच्या आधीच सुरू होतो. म्हणजे यकृताची पाळी येण्याआधीच नाक आणि जीभ निर्णय देत होती.

मॅक्लर्न तोवर कोलोरॅडोत बोल्डरला आले होते. १९६७ मध्ये त्यांनी तिथे वर्तन-आनुवंशिकी संस्था स्थापन केली. इथे त्यांनी प्रश्नच बदलला: उंदीर किती पितो हे सोडा, दारू त्याला किती चढते ते पाहू. ठरावीक मात्रा टोचायची, उंदीर लवंडला की त्याला पाठीवर ठेवायचं आणि तो स्वतःच्या पायांवर उलटायला किती वेळ घेतो ते मोजायचं. आठ वाणांच्या मिश्रणातून बनवलेल्या उंदरांमधले जास्त वेळ पडून राहणारे एका बाजूला, लवकर उठणारे दुसऱ्या बाजूला, अशी निवडून पैदास चालू झाली. १८ पिढ्यांनंतर ‘दीर्घनिद्र’ घराणं सरासरी दोन तास पडून राहू लागलं आणि ‘अल्पनिद्र’ घराणं सुमारे १० मिनिटांत उठू लागलं. त्यातले कित्येक तर आडवेच होत नसत. दोन्ही घराण्यांचे आकडे एकमेकांत मिसळेनासे झाले. मात्र ज्याला दारू कमी चढते तो जास्त पितो, असं सोपं समीकरण उंदरांत हाती लागलं नाही. माणसांत मात्र त्याचा दुवा मिळाला. सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी तरुणांना मोजून दारू दिली आणि त्यांचा प्रतिसाद नोंदवला. सुमारे दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांना तेव्हा कमी चढली होती त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण जास्त होतं. हा निबंध १९९४ चा. ‘त्याला कितीही पाज, काही होत नाही’ असं कौतुकाने ज्याच्याबद्दल बोललं जातं, धोका त्यालाच जास्त असतो.

आनुवंशिकतेच्या बाजूने माणसांतला भक्कम पुरावा त्याच्या बराच आधी आला होता. डॉनल्ड गुडविन यांनी डेन्मार्कच्या दत्तक-नोंदी तपासल्या. जन्मानंतर पहिल्या सहा आठवड्यांत नात्याबाहेर दत्तक गेलेल्या मुलग्यांत, जन्मदाता पालक दारूडा असलेल्यांपैकी १८ टक्के पुढे व्यसनी झाले; इतर दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. १९७३ च्या या निबंधाने अ‍ॅन रो यांच्या निष्कर्षाला मागे सारलं. अर्थात १८ टक्के म्हणजे उरलेले ८२ टक्के व्यसनी झाले नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

पिंजऱ्यातल्या उंदरांनीही तेवढ्यात परिस्थितीची बाजू मांडली. कॅरी रँडल आणि डेव्हिड लेस्टर यांनी १९७५ मध्ये दूध नुकतंच सुटलेली डीबीए पिल्लं सी-५७ ब्लॅकच्या मोठ्या उंदरांबरोबर ठेवली. पिणाऱ्यांच्या संगतीत न पिणाऱ्या कुळातली पिल्लं जास्त पिऊ लागली. लेस्टर म्हणजे साखरेचं पाणी ठेवून विल्यम्स यांना अडवणारेच. प्राणी दारू पितात म्हणून त्यांना व्यसनी म्हणू नका, असं ते सतत बजावत राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सी-५७ ब्लॅक दिवसभरात भरपूर पितो, पण घोट घोट, वेळ विभागून. त्याचं शरीर ती दारू पचवत राहतं आणि तो क्वचितच झिंगतो. पाणी मिळत असतानाही दारूसाठी झुरणारा, दारू तुटली की कोसळणारा उंदीर अजून कुणी दाखवला नव्हता.

दारू तुटल्यावर काय होतं, हे मोजण्याची पद्धत स्टॅनफर्डच्या डोरा गोल्डस्टाइन यांनी १९७१ मध्ये दिली. उंदीर स्वतःहून पुरेसं पीत नाही, म्हणून त्यांनी त्याला तीन दिवस अल्कोहोलच्या वाफेत ठेवलं आणि अल्कोहोल पचवणारं एन्झाइम औषधाने रोखलं. मग वाफ बंद. काही तासांनी शेपटीला धरून उचललं की उंदराला झटके येत. किती हलक्या स्पर्शाने आले आणि किती जोराचे, यावर गुण द्यायचे. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. अचानक दारू तुटलेल्या माणसाची थरथर, भास आणि फिट ज्या घरांनी पाहिली आहे त्यांना तो प्रकार अनोळखी नाही. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये जॉन क्रॅब यांनी याच मोजमापावर झटके लवकर येणारी आणि झटक्यांना दाद न देणारी अशी दोन घराणी पैदाशीतून वेगळी काढली. तीही काही पिढ्यांतच एकमेकांपासून लांब गेली. आणखी एक तुकडा सुटा झाला: पिण्याची ओढ वेगळी, चढणं वेगळं, तुटल्यावरचे हाल वेगळे.

१९९० च्या दशकात गुणसूत्रांवरचे पत्ते शोधायची सोय झाली. सी-५७ ब्लॅक आणि डीबीए यांच्या संकरातून जॅक्सनच्या बेंजामिन टेलर यांनी बनवलेले बीएक्सडी वाण त्याला फार उपयोगी पडले. दारूच्या आवडीशी जोडलेले टापू गुणसूत्र २, ४ आणि ९ वर पुन्हा पुन्हा दिसू लागले. १९९६ च्या एका निबंधात नरांमध्ये परिणाम करणारी जागा गुणसूत्र २ वर आणि माद्यांमध्ये परिणाम करणारी जागा गुणसूत्र ११ वर मिळाली. टापू मिळतो, पण त्यात शेकडो जनुकं असतात. त्यातून नेमकं एक वेचायला वर्षं जातात. पोर्टलंडच्या कारी बक यांच्या गटाने झटक्यांसाठी गुणसूत्र ४ वरचं एमपीडीझेड हे जनुक २००४ मध्ये निश्चित केलं, ते अशा मोजक्या यशांपैकी एक. त्याच गुणसूत्राच्या टोकाला २००१ मध्ये गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक सापडलं. सी-५७ ब्लॅककडे त्याचं तीव्र रूप आहे, डीबीएकडे मंद. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातले अलेक्झांडर बाखमानोव्ह गोडाची आवड आणि दारूची आवड यांतलं नातं आधीपासून तपासत होते. उंदराला पातळ दारू काही प्रमाणात गोड लागते असं दिसतं. पिणाऱ्या वाणाच्या पिण्यात गोडघाशेपणाचा बराच वाटा होता तर!

एखादं जनुक बंद पाडून उंदीर बनवण्याचं तंत्रही तोवर हाताशी आलं होतं आणि वृत्तपत्रांना ‘दारूचं जनुक सापडलं’ असे मथळे मिळू लागले. १९९६ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या १-बी ग्राहीविना जन्मलेले उंदीर दुप्पट दारू पितात असं प्रसिद्ध केलं. निष्कर्ष ठळक होता, नियतकालिक नामांकित होतं. पुढे जे घडलं त्यासाठी मला क्रॅब यांच्याबद्दल फार आदर आहे.

ते कॅनडातल्या एडमंटनचे डग्लस वॉल्स्टेन आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे ब्रूस डूडेक यांच्याबरोबर बसले आणि तिघांनी आपापल्या प्रयोगशाळांत एकच प्रयोग एकाच वेळी करायचं ठरवलं. तेच आठ प्रकारचे उंदीर, तीच वयं, एकसारखी उपकरणं, दिव्यांच्या वेळा जुळवलेल्या, चाचण्यांचा क्रम ठरलेला. माणसाच्या हाताने होईल तेवढं सगळं सारखं केलं. १९९९ मध्ये निकाल आला तो अस्वस्थ करणारा होता. कोकेन दिल्यावर उंदीर किती धावतात, उघड्या उंच फळीवर जायला किती घाबरतात, अशा चाचण्यांत गावागणिक आकडे बदलले. काही वेळा कोणता वाण पुढे आणि कोणता मागे हेही बदललं. सारख्या जनुकांचा उंदीर सारख्या पिंजऱ्यातही तीन गावांत तीन तऱ्हांनी वागत होता. एका गावातल्या प्रयोगकर्त्याला उंदरांची अ‍ॅलर्जी असल्यामुळे तो श्वसनयंत्र लावून काम करी, असल्या बारकाव्यांवरही मग चर्चा झाली. आणि सेरोटोनिनच्या ग्राहीविना जन्मलेले ते उंदीर? या वेळी ते इतरांपेक्षा जास्त प्यायले नाहीत. तीन वर्षांपूर्वीचा स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष टिकला नाही, हे क्रॅब यांनी स्वतःच्या नावाने छापलं.

या पडझडीत एक चाचणी मात्र तिन्ही गावांत तशीच उभी राहिली. दोन नळ्यांची. सी-५७ ब्लॅक सगळीकडे सर्वांत जास्त प्यायला, डीबीए सर्वांत कमी. वॉल्स्टेन, बाखमानोव्ह, फिन आणि क्रॅब यांनी २००६ मध्ये जुनी-नवी मोजमापं शेजारी ठेवली तेव्हा वाणांचा दारूच्या आवडीतला क्रम दशकं उलटूनही फारसा हललेला नव्हता. वर्तनाच्या विज्ञानात इतकी टिकाऊ गोष्ट दुर्मीळ आहे.

म्हणून डीबीएने दुसऱ्या एका चाचणीत त्याआधीच जे केलं होतं ते अधिकच विचारात पाडतं. पोर्टलंडमध्येच ख्रिस्तोफर कनिंगहॅम यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नळी बाजूला ठेवली. दोन वेगळ्या पृष्ठभागांची जागा घेतली. एका पृष्ठभागावर ठेवताना उंदराला अल्कोहोल टोचलं, दुसऱ्यावर ठेवताना मिठाचं पाणी. नंतर उंदराला मोकळं सोडून तो कुठे रमतो ते पाहिलं. डीबीए दारूच्या आठवणीच्या जागेकडे ठामपणे गेला. सी-५७ ब्लॅकला तिचं फारसं काही वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याला आपण निर्व्यसनी कुळाचा नमुना म्हणत आलो त्याला दारू मनापासून सुखावत होती. आड येत होती ती तिची चव आणि वास. पुढे त्याच गटाने सरळ जठरात नळी बसवली आणि काही दिवस अल्कोहोल देऊन मग उंदरालाच ते स्वतःला देण्याची मुभा दिली, तेव्हा डीबीएनेही स्वतःला भरपूर दिलं.

मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो. एखादा माणूस पीत नाही यावरून तो व्यसनाच्या धोक्यापासून दूर आहे असं आपण समजतो. त्याला कदाचित फक्त कडवटपणा आड येत असेल, आणि बाजारात कडवटपणा झाकणारी गोड पेयं भरपूर आहेत.

लेस्टर यांचा जुना आक्षेप, उंदीर झिंगेपर्यंत पीतच नाही, २००५ मध्ये पोर्टलंडने अखेर निकालात काढला. उंदीर निशाचर असतो. दिवे मालवल्यावर तीन तासांनी, म्हणजे त्याच्या भुकेच्या आणि हालचालीच्या ऐन भरात, पाण्याऐवजी २० टक्के अल्कोहोलची एकच नळी काही तासांसाठी दिली की सी-५७ ब्लॅक स्वतःहून झिंगण्याइतकं पितो. या ‘अंधारातल्या पिण्या’वर निवडून आणखी जास्त पिणारं घराणंही क्रॅब यांनी तयार केलं आणि आता त्यावर औषधं तपासली जातात.

आणि सी-५७ ब्लॅकच्या कुळातच एक फाटा फुटलेला आहे. १९५१ मध्ये जॅक्सनमधून या वाणाचे काही उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पाठवले गेले. त्यांचे वंशज आणि जॅक्सनमध्ये राहिलेल्यांचे वंशज तेव्हापासून वेगळे वाढले. मूळ रक्त एकच, बाहेरचं काही मिसळलेलं नाही, फक्त पिढ्यांगणिक आपसूक झालेले थोडे उत्परिवर्तनाचे फरक. तरी जॅक्सनची शाखा आरोग्य संस्थेच्या शाखेपेक्षा जास्त पिते. दोन्ही शाखांचे जीनोम वाचून झाले आहेत आणि प्रथिनं बदलतील असे फरक त्यांत मोजकेच आहेत. सी-५७ ब्लॅक आणि डीबीए यांच्यात फरकांचं रान माजलेलं असतं; इथे झाडं मोजता येतात. म्हणून आता या दोन शाखांचाच एकमेकांशी संकर करतात आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत कोणता फरक कुणाकडे गेला आणि कोण किती प्यायला, हे ताडून पाहतात.